पवनचक्की पाऊस पळवत नाही. मग जमीन कोण पळवते?

सदर : हिशेबाची वही



विक्रोळीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे सासर खटाव तालुक्यातले. गावी डोंगराच्या अंगाला सासऱ्यांच्या नावावर अडीच एकर जमीन आहे. जमीन म्हणजे माळच. हुलगे-मटकीपलीकडे तिथे कधी काही पिकले नाही. १९७२ च्या दुष्काळात घरातली माणसे पोटासाठी मुंबईला आली, ती इथलीच झाली. गावी एक दीर तेवढे राहिले. आता त्या दिरांकडे एक दलाल खेपा घालतो आहे. "पवनचक्कीच्या कंपनीला जागा हवी आहे. सह्या करा, रोख पैसे घ्या," असे त्याचे म्हणणे. सासूबाई म्हणतात, "त्या चक्क्यांनीच आमचा पाऊस पळवला. त्यांना वीतभर जागा देऊ नका." दीर म्हणतात, "पडीक माळाचे पैसे येताहेत, ते कशाला सोडायचे?" भगिनी विचारतात, "भाऊ, यात खरे काय? घरात रोज वाद होतो."

ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. एक पावसाचा आणि दुसरा जमिनीचा. पावसाचा प्रश्न खोटा आहे, जमिनीचा खरा आहे. घाटमाथ्यावर आणि दुष्काळी पट्ट्यात नेमके उलटे घडते. खोट्या प्रश्नावर भांडण होते आणि खऱ्या प्रश्नावर मुकाट्याने अंगठा उठतो. म्हणून दोन्हींचा हिशेब आज मांडू.

चक्की चालते कशी?

पंख्याला वीज दिली की वारा येतो. पवनचक्कीत याच्या उलट होते. वारा पाती फिरवतो, पात्यांचा दांडा जनित्र फिरवतो आणि जनित्रातून वीज निघते. ती खाली रोहित्रात येते, तिथून उपकेंद्रात आणि मग मोठ्या तारांच्या जाळ्यात जाते. कोळसा नाही, धूर नाही, राख नाही.

वाऱ्याचे गणित मात्र वेगळे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणूनच कंपन्या उघड्या पठारांच्या आणि डोंगरांच्या माथ्याच्या शोधात असतात. आपल्याला जो माळ पडीक वाटतो, तो त्यांच्या लेखी वाऱ्याची खाण असू शकतो. दलालाशी बोलताना ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ज्वारी पिकत नाही म्हणून त्या जमिनीला किंमत नाही, असे कोणी सांगितले तर मान डोलावू नये.

आपल्या देशात वाऱ्यापासून वीज करण्याचे पहिले प्रकल्प १९८६ साली समुद्रकाठी झाले. त्यात गुजरातचे ओखा होते आणि आपले रत्नागिरीही होते. तेव्हाची यंत्रे ५५ किलोवॅटची होती. आज एकेक यंत्र ३ मेगावॅटचे, म्हणजे त्या वेळच्या पन्नासहून अधिक यंत्रांएवढे असते आणि त्याचा मनोरा १४० मीटर उंचीचा असतो. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात वनकुसवडे पठार, साताऱ्याजवळ चाळकेवाडी, सांगली जिल्ह्यात ढालगाव आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल ही मोठी ठिकाणे आहेत. वनकुसवड्याच्या पायथ्याशी कोयनेचा जलाशय आहे. खाली पाण्याची वीज, वर वाऱ्याची वीज. मार्च २०२५ मध्ये देशातील पवनचक्क्यांची एकूण क्षमता ५० हजार मेगावॅटच्या वर गेली. त्यात महाराष्ट्राचा वाटा ५ हजार मेगावॅटहून अधिक आहे.

१ मेगावॅट म्हणजे घरच्या भाषेत किती? यंत्र वर्षभर अखंड पूर्ण ताकदीने चालले तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज होईल. पण वारा काही नोकरीला नाही. तो येतो, पडतो. म्हणून सरासरी २० टक्केच धरू. तरी वर्षाला साडेसतरा लाख युनिट होतात. एका घराला महिन्याला १०० युनिट लागतात असे धरले तर सुमारे १,४५० घरांची वर्षाची वीज झाली. हीच वीज कोळशावर करायची तर युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे बाराशे टनांवर कोळसा. दहा टनांचे एकशे वीस ट्रक! आपल्या देशातल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. चंद्रपूर, कोराडी, परळी इथल्या औष्णिक केंद्रांजवळ ज्यांचे नातलग राहतात, त्यांना ही राख म्हणजे काय ते सांगायला नको. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती बसते आणि छातीतही बसते.

तेव्हा पवनचक्कीची वीज स्वच्छ आहे, यात शंका नाही. मनोऱ्याचे लोखंड आणि पायाचे सिमेंट बनवताना धूर होतो हे खरे, पण यंत्र चालू लागले की एक-दीड वर्षात त्याची भरपाई होते आणि यंत्राचे आयुष्य २० ते २५ वर्षांचे असते. उणीव एकच. आपल्याकडे जोराचा वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर असतो. उन्हाळ्यात मागणी वाढते तेव्हा वारा हात देईलच असे नाही. म्हणून नुसत्या वाऱ्यावर राज्य चालणार नाही. पाणी, ऊन आणि वारा यांची सांगड घालावी लागेल.

पाऊस कोणी पळवला?

आता सासूबाईंचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण दुष्काळ त्यांनी सोसला आहे. २००३ च्या सुमारास माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत लागोपाठ दुष्काळ पडला. त्याआधी काही वर्षेच साताऱ्याच्या पठारावर चक्क्या उभ्या राहिल्या होत्या. लोकांनी दोन्हींची सांगड घातली. "पाती फिरतात आणि ढग उधळून लावतात," असे चारचौघांत बोलले जाऊ लागले. डोळ्यांना तसे दिसतेही. पण एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवत नाही.

कारण तपासू. पावसाळी ढग समुद्रावरून येतात. सह्याद्रीची भिंत आडवी आली की ती हवा वर चढते, थंड होते आणि पाणी तिथेच सांडते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. डोंगर ओलांडून तीच हवा पूर्वेला खाली उतरते तेव्हा कोरडी झालेली असते. म्हणून त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्याला पाचशे मिलिमीटरही धड मिळत नाही. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. ही व्यवस्था चक्क्यांची नाही, डोंगराची आहे. मोसमी वारे शेकडो मैलांच्या पट्ट्यात आणि अनेक किलोमीटर उंचीपर्यंत वाहतात. त्यापुढे शंभर-दीडशे मीटरचा मनोरा म्हणजे नदीच्या पुरात रोवलेली काठी. पात्यांमुळे आजूबाजूची हवा थोडी ढवळली जाते, रात्री जमिनीलगतच्या तापमानात किंचित फरक पडतो, असे अभ्यासांत दिसले आहे. पण त्यामुळे मोसमी पाऊस मागे फिरत नाही.

आणि सर्वांत सोपा पुरावा आपल्या घरातच आहे. १९७२ साली साताऱ्यात एक तरी पवनचक्की होती काय? १८७६ च्या दुष्काळात होती काय? नव्हती. तरी माणसे गाव सोडून गेली. सासूबाई स्वतः ज्या दुष्काळामुळे मुंबईत आल्या, तो चक्क्यांच्या कितीतरी आधीचा आहे. ताई, त्यांना एवढेच विचारा. त्यांना पटेल.

खरा फरक कुठे पडतो?

याचा अर्थ चक्क्यांमुळे काहीच बिघडत नाही, असा नव्हे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर मोजणी केली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. ते कमी झाल्यामुळे सरड्यांची संख्या वाढली आणि त्यांची वागणूकही बदलली. पठारावरचे जीवन असे आतून बदलते. शिवाय यंत्रे वर नेण्यासाठी रुंद रस्ते लागतात, डोंगर फोडावा लागतो, चराऊ रान तुटते.

म्हणजे तक्रार करायला जागा आहे. पण ती मोजून, पुराव्याने केलेली असावी. "चक्की पाऊस पळवते" असे सांगत आपण कचेरीत गेलो, तर साहेब हसून आपल्याला बाहेर काढतो. "रस्त्यासाठी आमच्या गुरांचे चराऊ रान गेले, त्याचा पंचनामा कुठे आहे?" असे विचारले की त्याला फाइल उघडावी लागते.

घसाऱ्याचे गणित

आता पैशाकडे वळू. आम्ही वाणिज्य शाखेचे. तेव्हा ज्या गोष्टीवर कोणी बोलत नाही, ती सांगणे आमचे काम.

शिलाई मशीन दरवर्षी झिजते, तिची किंमत उतरते. धंद्याच्या हिशेबात ही झीज खर्च म्हणून दाखवतात. तिला घसारा म्हणतात. खर्च जास्त दाखवला की नफा कमी दिसतो आणि आयकर कमी भरावा लागतो. १९९० च्या दशकात सरकारने पवनचक्कीला पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा दिला. म्हणजे एखाद्या कारखानदाराने ४ कोटींचे यंत्र घेतले, तर पूर्ण ४ कोटी त्याच वर्षीचा खर्च म्हणून दाखवायचे. कंपनी कराचा दर ३५ टक्के धरला तर एक कोटी चाळीस लाखांचा कर त्या वर्षी वाचला. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच घसारा मिळतो. म्हणून ३० सप्टेंबरच्या आत यंत्र उभे करण्याची धावपळ असे.

या सवलतीने देशात चक्क्या उभ्या राहिल्या, हे मान्य करावे लागेल. पण सवलत यंत्र उभे करण्याला होती, वीज काढण्याला नव्हती. त्यामुळे नुसता कर वाचवण्यासाठी यंत्र घेणारेही पुष्कळ निघाले. पुढे २००२ साली घसारा ८० टक्के झाला, २०१७ पासून ४० टक्के. मध्यंतरी २००९ मध्ये केंद्राने युनिटमागे ५० पैसे अनुदान देण्याची योजना आणली, म्हणजे जो वीज काढेल त्याला पैसे. २०१७ मध्ये लिलाव सुरू झाले. पहिल्या लिलावात युनिटचा दर ३ रुपये ४६ पैसे निघाला आणि त्याच वर्षाअखेर गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैशांवर आला.

कर माफ होतो म्हणजे सरकारच्या तिजोरीत तेवढे कमी येतात. ती तिजोरी तुमच्या-आमच्या काडेपेटीवरच्या करानेही भरते. म्हणजे त्या प्रत्येक चक्कीत आपलाही पैसा आहे. मग पठारावर जमीन देणाऱ्याला काय मिळाले, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही?

विजेचा मालक कोण, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. १९४३ साली वीज धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. त्याच वेळी वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्नही पुढे ठेवला. आज यंत्रे बदलली, प्रश्न तोच आहे.

गावकरी आणखी एक विचारतात: "वीज आमच्या डोंगरावर होते, मग दिवे आमचेच का जातात?" कारण चक्कीची वीज थेट गावाला जात नाही. ती राज्याच्या जाळ्यात ओतली जाते, जशा सगळ्या विहिरी एकाच टाकीत पाणी ओततात. टाकीतून कोणाला किती मिळणार, ते वितरण ठरवते. गावचा डीपी जळला तर चक्की काही करू शकत नाही. पण गावच्या विजेची व्यवस्था सुधारून द्या, ही मागणी जागा देण्यापूर्वी करता येते. जागा दिल्यावर करून उपयोग होत नाही.

सही करण्यापूर्वी

ताई, तुमच्या दिरांना पुढील गोष्टी वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, जमीन कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? आपल्यापैकी अनेकांच्या जमिनी महार वतनाच्या आहेत. वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले होते. वतने १९५८ च्या कायद्याने गेली आणि कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर जमिनी नवीन शर्तीने परत मिळाल्या. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. दलालाला हे चांगले ठाऊक असते. म्हणून तो विक्रीखत मागत नाही. कुलमुखत्यारपत्र मागतो, साठेखत मागतो, कोऱ्या मुद्रांकावर सही मागतो. तिथेच हात आवरा.

दुसरी, वारस कोण कोण आहेत? सासरे हयात नसतील तर वारसनोंद झाली आहे का? गावातला एक भाऊ सर्वांच्या वतीने सही करू शकत नाही. मुंबईतले भाऊ आणि दिल्याघरी गेलेल्या बहिणी, सर्वांचा त्यात हक्क आहे. लग्न झाले म्हणून लेकीचा हिस्सा जात नाही. "नुसती सही आहे गं" म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची चाल आपल्याही घरांत शिरली आहे. ती बंद झाली पाहिजे.

तिसरी, विक्री की भाडेपट्टा? यंत्र २० ते २५ वर्षे चालणार. कंपनी तितकी वर्षे कमावणार. मग आपण एकदाच रोख घेऊन मोकळे का व्हावे? दरवर्षी भाडे, ठरावीक वर्षांनी त्यात वाढ आणि पैसे बँकेतून, असा करार मागावा. मुदत संपल्यावर मनोरा आणि जमिनीतले काँक्रीट कोण काढणार, हेही लिहून घ्यावे. जुनी यंत्रे काढून मोठी बसवण्याचे धोरण केंद्राने २०१६ साली आणले आहे. उद्या तुमच्या जागेवर लहान यंत्राच्या ठिकाणी मोठे आले तर भाडेही वाढले पाहिजे.

चौथी, गायरान. भूमिहीनांनी १९७८ ते १९९० या काळात कसलेली गायराने नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये झाला. तरी अनेकांच्या नावावर अजून सातबारा नाही. कागदावर मालक सरकार, म्हणून जागा देताना कसणाऱ्याला कोणी विचारत नाही. ज्यांच्याकडे दंडाच्या पावत्या, पंचनामे, जुने पीकपाणी असेल, त्यांनी ते कागद जपावेत आणि दाव्याचा पाठपुरावा आजच करावा.

पाचवी, ग्रामसभा. ग्रामपंचायत चक्क्यांवर कर आकारते का? किती आकारला, किती वसूल झाला, कुठे खर्च केला? आपल्या वस्तीच्या रस्त्यावर, दिव्यावर त्यातला किती आला? तोंडी उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा.

सहावी, रोजगार. उभारणीच्या वेळी आपल्या पोरांना खड्डे खणायचे काम मिळते, पुढे फार तर रखवालदारी. पण यंत्राची देखभाल वीस वर्षे चालते आणि ती इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन करतात. दहावी झालेल्या मुलामुलींना आयटीआयला घाला. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा 'वायुमित्र' नावाचा प्रशिक्षण कार्यक्रमही आहे, त्याची चौकशी करावी. करार करताना स्थानिक मुलांना देखभालीचे काम देण्याची अट घातली तर ती भाड्याइतकीच मोलाची ठरेल.

काही वाचक म्हणतील, मुंबई-पुण्याच्या चाळीत राहणाऱ्यांना हे कशाला? कारण गावी आपली जमीन किती, हे आपल्यापैकी निम्म्यांना सांगता येत नाही. "असेल काहीतरी माळ," एवढेच ठाऊक असते. वारा त्या माळावरून कित्येक पिढ्या फुकट वाहत होता. आता त्याची वीज होते, वीज विकली जाते आणि माळाला गिऱ्हाईक येते. अशा वेळी ज्याचे कागद तयार, तोच ताठ मानेने बोलणी करू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून आणा. डिजिटल सहीचा सातबारा आता संगणकावरही मिळतो. घरातली शिकलेली मुले-मुली समोर बसवा आणि एकेक ओळ मोठ्याने वाचून घ्या. कोणाचे नाव सुटले असेल तर वारसनोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.

जयभीम!